खांबावर माणूस आहे

"किती केव्हीएचा घेऊ रे?"

शेजारचे काका रविवारी सकाळी हा प्रश्न घेऊनच दारात आले. अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीत तीस वर्षं पाळ्या करून निवृत्त झालेला माणूस. एका गुंठ्यावर घर, मुलगा टेक्सासात. परवाच्या वळवात आमच्या गल्लीची लाइट दोन रात्री नव्हती. दिवसा दोन-तीन तास यायची, पुन्हा जायची. काकूंना दम्याचा त्रास. दुसऱ्या रात्री अडीच वाजता त्यांना धाप लागली. नेब्युलायझर हाताशी होता, त्याला लावायला वीज नव्हती. काकांनी त्यांना दुचाकीवर मागे बसवलं आणि भर अंधारात सावेडीच्या दवाखान्यापर्यंत नेलं. मुलाला हे कळल्यावर तो फोनवर म्हणाला, "बाबा, गॅस जनरेटर घेऊन टाका. पैसे मी पाठवतो."

काका लगेच कामाला लागले. दुकानात जाऊन गॅसवर चालणाऱ्या मशीनचा भाव काढून आले. घरातला दुसरा सिलिंडर त्यालाच ठेवायचा, हेही ठरलं. आता फक्त केव्हीए, म्हणजे मशीनची ताकद, ठरायची राहिली होती.

मी म्हटलं, काका, केव्हीए शेवटी. आधी बसा.

अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात. गॅसोलीन या शब्दाचं ते तोडलेलं रूप. मुलगा गॅस म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पेट्रोलचं मशीन होतं; काकांनी गॅस ऐकलं तेव्हा त्यांच्यापुढे लाल सिलिंडर आला. एका शब्दापायी बाप-लेक दोन वेगळ्या दुकानांत उभे होते. तिकडचे व्हिडिओ बघून इथे 'गॅस जनरेटर' शोधणाऱ्यांनी एवढं आधी लक्षात घ्यावं. खरोखर गॅसवर चालणारी मशीनही तिकडे आहेत, पण त्यातली बरीच नळाने घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालतात. अंगणात ओट्यावर कायमची बसवलेली असतात, लाइट गेली की आपोआप सुरू होतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरशी त्यांचा काही संबंध नाही.

आणि तो सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतो. केंद्र सरकारच्या २००० सालच्या एलपीजी आदेशाप्रमाणे तो इंजिनाला लावता येत नाही. दुकानात गॅसचं किट काढून दाखवतात, हा आदेश कोणी दाखवत नाही. नियम बाजूला ठेवला तरी यंत्राचंही त्याने भागत नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. बाहेर येताना त्याचा वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या अंगातूनच ओढतो. शेगडीची ओढ कमी, म्हणून घरात ते जाणवत नाही. दोन-अडीच किलोवॉटचं इंजिन भर लोडवर तासाला किलोभर गॅस मागतं. मग सिलिंडर गार पडतो, अंगावर आधी दव, मग बर्फाची साय. दाब उतरतो आणि इंजिन गुदमरून बंद पडतं. लग्नाच्या मांडवामागे आचारी सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात ते याचसाठी. घरात रात्री दोन वाजता कोण घमेलं घेऊन बसणार? शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही. जिन्याखाली, गटारात, दाराच्या उंबऱ्याशी साचून राहतो. आणि शेजारी ठिणगी टाकणारं इंजिन.

काकांनी सिलिंडरचा नाद तिथेच सोडला. "बरं, मग पेट्रोलचाच घेतो. जोडायची सोय आहे माझ्याकडे." असं म्हणत त्यांनी पिशवीतून एक वायर काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

तिचं वर्णन मी जरा सविस्तर करतो, कारण ती तुमच्याही माळ्यावर असू शकते. दोन-अडीच मीटर लांब, जुनी काळी रबरी वायर. एका टोकाला मोठा थ्री पिन टॉप. दुसऱ्या टोकालाही थ्री पिन टॉप. मध्ये एका ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली, उन्हाने ती कडक होऊन चिरलेली. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. मेन स्विच पाडायचा, की त्या एका सॉकेटातून सगळ्या घरात लाइट. चेंजओव्हर स्विच नको, वायरिंगमध्ये बदल नको, इलेक्ट्रिशियन नको. पण पिना उघड्या असतात आणि एक टोक आधी जोडलं की दुसऱ्या टोकाच्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट हवेत लोंबकळतात. हात लागला तर माणूस घरातच संपला.

ही वायर भारनियमनाच्या काळातली. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली आणि पुढची सहा-सात वर्षं महाराष्ट्राने अंधारात काढली. फीडरचे ए पासून जी पर्यंत गट पाडले होते. गळती जास्त, वसुली कमी, तिथे अंधार जास्त. बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्यांवर साखळीने बांधलेले छोटे जनरेटर आपल्याला आठवतात. पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर टाकायचे. दुकानदारांच्या मागोमाग घरंही जनरेटर घेऊ लागली आणि गल्लोगल्ली अशा वायरी तयार झाल्या. भारनियमन सरलं, मशीन भंगारात गेली, वायर मात्र कोणी फेकली नाही. "कधीतरी उपयोगी पडेल."

मी काकांना विचारलं, "परवा रात्री लाइट गेली तेव्हा खांबावर कोण होतं, बघितलंत?"

त्यांनी बघितलं होतं. अंगावर ओला रेनकोट, कमरेला दोर, तोंडात बॅटरी धरलेली. पंचविशीतला मुलगा असेल. कंत्राटी. खाली एक जण शिडी धरून. काकांनीच त्यांना चहा पाजला होता.

तो तिथे का होता, तेही सांगतो. एप्रिल-मेच्या उन्हात खांबावरचे चिनीमातीचे इन्सुलेटर तापून निघतात. वळवाचं थंड पाणी अंगावर पडलं की त्यांना बारीक तडे जातात. तड्यात पाणी शिरतं, वीज खांबातून जमिनीत उतरू लागते आणि सबस्टेशनवर फीडर ट्रिप होतो. तडा खालून दिसत नाही. कोणत्या खांबावरचा इन्सुलेटर गेला, हे शोधायला माणसाला एकेक खांब तपासत जावं लागतं, रात्री, पावसात. म्हणजे ज्या तासाला आपण जनरेटरची दोरी ओढतो, नेमक्या त्याच तासाला त्याचे हात तारेवर असतात.

आता त्या दुहेरी पिनेच्या वायरीचं बघा. घाईत मेन स्विच पाडायचा राहिला, किंवा जुना स्विच वरून बंद दिसला आणि आतून एक पाय चिकटलेलाच राहिला, तर जनरेटरची वीज घराबाहेर पडते. मीटरमधून सर्व्हिस वायरवर, तिथून खांबावर, तिथून डीपीवर. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्ट खाली उतरवून आपल्याला देतो. तोच उलट्या बाजूनेही काम करतो. आपले २३० व्होल्ट त्याच्यात शिरले की पलीकडच्या तारेवर हजारोंनी व्होल्ट चढतात. लाइनवरची माणसं याला रिटर्न म्हणतात. या शब्दाला ती फार घाबरतात.

"छोटा जनरेटर कुठला एवढी गल्ली चालवतोय, लगेच बंद पडेल," असं काका म्हणाले. बरोबर आहे. गल्लीचा सगळा भार अंगावर आला तर तो बहुतेक वेळा बंद पडतोच. पण तार मध्येच तुटली असेल, फ्यूज काढलेले असतील, गल्लीचा तुकडा वेगळा पडला असेल, तर त्याच्यावर भारच येत नाही. तो शांतपणे चालत राहतो आणि तार जिवंत राहते. बंद पडणारा जनरेटरही पडण्याआधी क्षणभर वीज देतोच. खांबावरच्या माणसाला क्षण पुरतो. नियमाप्रमाणे त्याने परमिट घेऊन, तारा तपासून, दोन्ही बाजूंनी अर्थ करून मगच हात घालायचा असतो. त्याने तो नियम पाळावाच, आणि त्याला हातमोजे, डिस्चार्ज रॉड देणं हे त्याच्या वरिष्ठांचं काम. पण तो कधी चुकला तर आपल्या घरातून गेलेल्या विजेने मरू नये, एवढं आपल्या हातात आहे.

मोटरी आणि स्विचगियर जिथे बनतात, त्या वसाहतीच्या सावलीत आपण राहतो. एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला विचारा, कारखान्यात मेन आणि जनरेटर यांच्यामध्ये काय असतं. तो एका शब्दात सांगेल: चेंजओव्हर. एकतर बाहेरची लाइन घराला जोडलेली, नाहीतर जनरेटर. दोन्ही एका वेळी जोडलेच जाऊ शकत नाहीत, अशी ती रचनाच असते. कोणाच्या लक्षात राहण्यावर तिथे काहीही सोडलेलं नसतं. घरच्या सिंगल फेजला डबल पोल चेंजओव्हर लागतो, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. लायसन असलेल्या माणसाकडून बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. जनरेटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

गच्चीवर सोलर बसवलेल्या बऱ्याच जणांची यंदा निराशा झाली. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचं अनुदान, लोकांनी उत्साहाने पॅनेल चढवली. भर दुपारी लाइट गेली, डोक्यावर ऊन, आणि घरात पंखा बंद! कंपनीने फसवलं म्हणून काही जण भांडायला गेले. तिथे फसवणूक झालेली नाही. साध्या ऑन-ग्रिड सोलरचा इन्व्हर्टर बाहेरची लाइन गेली की स्वतःला बंद करून घेतो, तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. कारण तेच. खांबावर माणूस असेल. लाइट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं आणि आपण आधी विचारायला हवं.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "चेंजओव्हर बसवतो. आता सांग, किती केव्हीए?"

ठेवणार कुठे?

हा प्रश्न मला केव्हीएपेक्षा मोठा वाटतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. अमेरिकेत एकट्या पोर्टेबल जनरेटरच्या धुराने वर्षाला सरासरी शंभराच्या आसपास माणसं मरतात. काकांचा मुलगा राहतो त्या टेक्सासातच फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात लाखो घरांची वीज गेली, लोकांनी गॅरेजात गाड्या आणि जनरेटर चालू ठेवले, आणि थंडीतून वाचलेली माणसं धुराने गेली. म्हणून तिथे नियम सांगतात: जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला.

आता आपला हिशेब करा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ढोबळ ३३ फूट बाय ३३ फूट. त्यात घर. बाजूला तीन फुटांचा बोळ, त्या बोळापलीकडे शेजाऱ्याची खिडकी. नागापूर-बोल्हेगावच्या निम्म्या गल्ल्यांत हीच मापं. २० फूट आणायचे कुठून? बोळात ठेवला तर धूर शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये. जिन्याखाली ठेवला तर आपल्याच. काकांनी गच्ची सुचवली. गच्चीवर जिन्याचं दार आहे, धूर तिथून खाली उतरतो. शिवाय मध्यरात्री पेट्रोलचा कॅन घेऊन टॉर्चच्या उजेडात जिना चढायचा, गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं. सत्तरीच्या माणसाने. आणि हे सगळं कोणासाठी? तर दमा असलेल्या बाईसाठी.

माझं मत स्पष्ट आहे. एका गुंठ्यात जनरेटर बसत नाही.

मग काकूंचं काय? कागद घेतला आणि घरात रात्री खरोखर काय चालू राहायला हवं ते लिहायला बसलो. तीन पंखे. पाच एलईडी दिवे. वायफाय. मोबाइल. आणि नेब्युलायझर. घरचा नेब्युलायझर साधारण दीडशे वॉट घेतो, तोही एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. ज्या गोष्टीसाठी दुचाकीवरून रात्री अडीचला सावेडी गाठावी लागली, तिला लागणारी वीज एका युनिटच्या पंचविसाव्या भागाइतकी! एवढ्याला इंजिन कशाला?

फ्रिजचं नाव काकूंनीच खोडलं. दार उघडलं नाही तर तो तीन-चार तास थंड राहतो. दीड एचपीची बोअरची मोटर काकांनी लिहिली होती, तीही खोडली. मोटर सुरू होताना चालू भाराच्या कित्येक पट ओढते. तिच्या एका झटक्यासाठी माणूस दुप्पट केव्हीएचा जनरेटर घेतो. लाइट असेल तेव्हा टाकी भरून ठेवायची. गिझर, इस्त्री यांचा प्रश्नच नाही.

उरलेला भार साधारण २८० वॉट. १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते, हातात १,३०० ते १,४०० येतात. म्हणजे साडेचार-पाच तास. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. तिन्ही पंखे बदलले की तीच बॅटरी नऊ तासांच्या घरात जाते. रात्र निघते. दुसरी रात्रही अंधाराची आली आणि दिवसा दोन-तीन तासच लाइट आली तर बॅटरी पूर्ण भरणार नाही, तिला आठ-दहा तास लागतात. तेव्हा एकच पंखा लावा आणि नेब्युलायझरपुरतं राखून ठेवा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या, औषधाच्या यंत्राला आणि मोटरीला तो मानवतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वेळच्या वेळी घाला. आणि इन्व्हर्टरही हौशी माणसाकडून भलत्या वायरला जोडून घेऊ नका.

जनरेटर कोणालाच नको, असं मी म्हणत नाही. घरात चोवीस तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेलं माणूस आहे, पाच लिटरचं ते मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास सतत घेतं, तिथे एका बॅटरीने भागत नाही. तिथे भरलेला ऑक्सिजन सिलिंडरही हवा आणि जागा असेल तर जनरेटरही हवा. डेअरीचा कूलर, औषधांचा फ्रिज, पोल्ट्रीचे पंखे, यांना पर्याय नाही. त्यांनी चालू भाराची बेरीज करावी, त्यातल्या सर्वांत मोठ्या मोटरीचा सुरुवातीचा झटका मिळवावा, आणि पाटीवरच्या केव्हीएला ०.८ ने गुणून किलोवॉट काढावेत. पाटीवर 'कमाल' आणि 'रेटेड' असे दोन आकडे असतात, रेटेड बघावा. खर्चही आधी मांडावा: छोटं पेट्रोल इंजिन लिटरला दीड-दोन युनिट देतं, म्हणजे आजच्या भावाने युनिट पन्नास ते सत्तर रुपयांना पडतं.

आणि पेट्रोल टाकीत भरून ठेवू नये. आता त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार झालेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनचा कार्बोरेटर चिकटतो आणि नेमक्या गरजेच्या रात्री दोरी ओढून खांदा दुखतो. वापर झाला की टाकी रिकामी करा, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भार देऊन चालवा.

एक गोष्ट यात विसरायला नको. खिशातून इन्व्हर्टर घेतला म्हणून लाइट वेळेवर मागण्याचा हक्क सुटत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेचे निकष आणि ते पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई, दोन्ही लिहिलेलं आहे. लाइट गेली की १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. पावसाळ्याआधी गल्लीतल्या तारांवरच्या फांद्या छाटल्या का, हे चार घरांनी मिळून जाऊन विचारा. खांबावरच्या मुलावर ओरडू नका. इन्सुलेटर बदलायचा निर्णय त्याच्या हातात नाही.

काका उठले तेव्हा वायर टेबलावरच होती. मी पक्कड आणून दिली. त्यांनी ती वायर मधोमध तोडली, मग दोन्ही टॉप खोलून पितळ वेगळं काढलं. पुन्हा कोणी जोडू नये म्हणून.

तुमच्या माळ्यावर, मीटरच्या पेटीमागे, जुन्या ट्रंकेत दोन्ही टोकांना पिना असलेली अशी वायर असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि ती कापून टाका. आजच, पुढची लाइट जायच्या आत.